शस्त्र नियंत्रण कायदे आणि गुन्हेगारी : चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांचा ऐतिहासिक अभ्यास (१८५८ ते २०२५)

प्रस्तावना

शस्त्र बाळगण्यावर कायद्याने नियंत्रण घातल्यास गुन्ह्यांचे प्रमाण घटते काय, हा प्रश्न अनेक देशांत वादाचा विषय ठरला आहे. अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेशी जोडला गेल्यामुळे तेथे या वादाला राजकीय धार आली. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ जणांची हत्या झाल्यानंतर शासनाने कडक नियम केले आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. त्यानंतर तेथे बंदुकीने होणारे मृत्यू घटले. ही घट कायद्यामुळे झाली की आधीपासून सुरू असलेल्या उताराचाच तो भाग होता, याविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत.

भारतात या प्रश्नाची चर्चा बहुधा महानगरांतील टोळीयुद्धे किंवा उत्तरेकडील राज्यांतील देशी कट्टे यांच्या अनुषंगाने होते. परंतु महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत शस्त्र, जंगल, शासन आणि गुन्हा यांचा संबंध गेली पावणेदोनशे वर्षे सातत्याने दिसून येतो. येथे बंदूक ही शिकारीचे साधन, पिकाची राखण, बंडाचे हत्यार आणि शासनाच्या अधिकाराचे चिन्ह अशा चारही रूपांत वावरली आहे. म्हणून शस्त्र नियंत्रणाच्या परिणामांची चिकित्सा करण्यासाठी हा प्रदेश महत्त्वाचा ठरतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत दोन्ही जिल्हे मिळून पूर्वीचा चांदा, म्हणजेच चंद्रपूर जिल्हा होता. त्यामुळे त्यांचा एकत्रित विचार करणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरते.

उद्दिष्टे व गृहीतक

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. चांदा प्रदेशातील शस्त्र नियंत्रणाच्या कायद्यांची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील वनप्रदेशाशी निगडित तरतुदींचे विवेचन करणे.
३. या प्रदेशातील गुन्ह्यांत वापरल्या जाणाऱ्या शस्त्रांचा उगम तपासून कायद्याच्या परिणामकारकतेचे मूल्यमापन करणे.

परवाना पद्धतीचा परिणाम शस्त्राच्या उगमावर अवलंबून असतो, हे गृहीतक येथे स्वीकारले आहे. ज्या शस्त्राचा उगम परवान्याच्या कक्षेत आहे त्यावर कायदा प्रभावी ठरतो. ज्याचा उगम त्या कक्षेबाहेर आहे, तेथे त्याचा उपयोग मुख्यतः शिक्षेपुरता उरतो.

वासाहतिक कालखंड : निःशस्त्रीकरणाचा हेतू

नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि चांदा जिल्हा इंग्रजांच्या प्रत्यक्ष अमलाखाली आला. चारच वर्षांनी मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी गोंड व रोहिल्यांची सेना उभारून इंग्रज सत्तेला आव्हान दिले. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. काही महिने जंगलाच्या आश्रयाने हा लढा चालला. अखेर शेडमाके पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांदा येथील कारागृहाच्या आवारात फाशी देण्यात आली.

देशभरातील १८५७-५८ च्या उठावांचा धडा म्हणून इंग्रज शासनाने शस्त्रविषयक कायदे कडक केले. १८५७ चा तात्पुरता कायदा, १८६० चा कायदा आणि लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ चा शस्त्र अधिनियम हे या धोरणाचे तीन टप्पे होत. १८७८ च्या अधिनियमाने शस्त्राची व्याख्या व्यापक केली. बंदुका, तलवारी, खंजीर, भाले यांबरोबरच धनुष्यबाणाचाही समावेश त्या व्याख्येत होता. युरोपीयांना मात्र या कायद्याच्या जाचातून सूट होती. ज्या समाजाच्या रोजच्या जगण्यात धनुष्यबाण होता, त्या समाजाच्या दृष्टीने या व्याख्येचा अर्थ वेगळा होता. कायदा गुन्हेगारासाठी केला असला तरी त्याच्या शब्दांत सारा समाजच बसत होता.

१८७८ याच वर्षी भारतीय वन अधिनियमही संमत झाला, ही बाब येथे विशेष लक्षणीय आहे. राखीव जंगलात परवानगीवाचून शिकार करणे, लाकूड तोडणे, गुरे चारणे ही कृत्ये त्या कायद्याने अपराध ठरली. एका कायद्याने साधन नियंत्रित केले, तर दुसऱ्याने त्या साधनाचा परंपरागत वापर गुन्ह्याच्या सदरात टाकला. म्हणजेच वनप्रदेशात गुन्हेगारीची जी नोंद वाढली, तिचा काही भाग नव्या व्याख्यांनीच निर्माण केला होता. 'कायद्याने गुन्हे घटतात काय' हा प्रश्न विचारताना 'गुन्हा कशाला म्हटले गेले' हा प्रश्न आधी विचारावा लागतो, तो याच कारणाने.

निःशस्त्रीकरणाने उठाव टळतात, ही वासाहतिक शासनाची धारणा पुढे खरी ठरली नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे 'भारत छोडो' आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारानंतर जमाव प्रक्षुब्ध झाला आणि काही सरकारी अधिकारी व पोलीस मारले गेले. त्या दिवशी बंदुका शासनाच्या बाजूला होत्या. सामूहिक हिंसेचे मूळ शस्त्राच्या उपलब्धतेपेक्षा राजकीय असंतोषात होते, हे चिमूरच्या घटनेवरून स्पष्ट होते.

स्वातंत्र्योत्तर विचार आणि १९५९ चा अधिनियम

१८७८ चा कायदा हा राष्ट्रीय चळवळीच्या दृष्टीने अपमानाचा विषय होता. राष्ट्रीय सभेने आपल्या प्रारंभीच्या अधिवेशनांपासूनच तो शिथिल करण्याची मागणी केली. १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णू कामत यांनी हाच हक्क राज्यघटनेत घालण्याची सूचना मांडली. चांदा जिल्हा त्याच प्रांताचा भाग होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या सूचनेस विरोध केला. असा हक्क मूलभूत मानल्यास गुन्हेगारही त्याचा आधार घेतील आणि शासनाचा नियंत्रणाचा अधिकार दुबळा होईल, हा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. सूचना फेटाळली गेली. अशा रीतीने स्वतंत्र भारतात शस्त्र बाळगणे हा हक्क न राहता शासनाने परवान्याद्वारे द्यावयाची अनुमती ठरली.

संसदेने केलेला १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. वनप्रदेशाच्या दृष्टीने त्यातील दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. पहिली तरतूद व्याख्येची होय. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या गेल्या. त्यामुळे कुऱ्हाड, विळा, कोयता ही जंगलातील प्रत्येक घरी असणारी अवजारे कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. दुसरी तरतूद कलम १३ मध्ये आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागणाऱ्या नागरिकाला तो सर्वसाधारणपणे दिला जावा, असे त्या कलमात अभिप्रेत आहे. या बंदुकीलाच गडचिरोली भागात 'भरमार' म्हणतात. रानडुकरांनी धानाचे पीक उद्ध्वस्त केल्यावर शेतकऱ्याची काय अवस्था होते, याची जाणीव कायदेकर्त्यांना होती, असे या तरतुदीवरून म्हणता येते.

प्रत्यक्षात हा मार्ग क्रमशः अरुंद झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांना नोंदणी बंधनकारक झाली आणि त्या पट्ट्यात नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती आवश्यक ठरली. १९५५ चे ताडोबा राष्ट्रीय उद्यान, १९८६ ची अंधारी व चपराळा अभयारण्ये, १९९७ चे भामरागड अभयारण्य यांमुळे दोन्ही जिल्ह्यांतील अनेक गावे संरक्षित क्षेत्रांच्या निकट आली. पुढे सशस्त्र चळवळीच्या भीतीमुळे दुर्गम गावात परवानाधारक बंदूक ठेवणे हीच जोखीम होऊन बसली.

शस्त्राचा उगम : माओवादी हिंसाचाराचा कालखंड

तत्कालीन आंध्र प्रदेशातून गोदावरी ओलांडून आलेल्या नक्षलवादी दलांचा या भागातील वावर १९८० पासून सुरू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिरोंचा तालुक्यात पेद्दी शंकर हा दलसदस्य पोलिसांच्या गोळीने मारला गेला. तेव्हापासून चार दशके गडचिरोली जिल्हा सशस्त्र संघर्षाच्या छायेत राहिला. १९९० मध्ये स्थानिक तरुणांची भरती करून पोलिसांचे सी-६० हे विशेष पथक स्थापन झाले.

या संघर्षातील शस्त्रांची जी यादी चकमकींनंतर वारंवार प्रसिद्ध झाली, ती इतिहासाच्या अभ्यासकाने काळजीपूर्वक वाचण्याजोगी आहे. एके-४७, इन्सास, एसएलआर, थ्री नॉट थ्री, बारा बोअर आणि भरमार ही नावे त्यात एकत्र आढळतात. यांतील पहिल्या गटातील शस्त्रे सर्वसामान्य नागरिकाला कोणत्याही परवान्याने मिळत नाहीत. ती सुरक्षा दलांच्या वापरातील आहेत. ओडिशात फेब्रुवारी २००४ मध्ये कोरापुट येथे व फेब्रुवारी २००८ मध्ये नयागढ येथे माओवाद्यांनी शस्त्रागारे लुटली. नयागढच्या एकाच हल्ल्यात हजाराहून अधिक शस्त्रे गेली. गडचिरोलीत २००९ हे वर्ष सर्वाधिक रक्तरंजित ठरले. १ फेब्रुवारीला मरकेगाव येथे १५, २१ मे रोजी हत्तीगोटा येथे १६ आणि ८ ऑक्टोबरला लाहेरी येथे १७, असे तीन घटनांत ४८ पोलीस मृत्युमुखी पडले. मृत पोलिसांची शस्त्रे पळविणे हा अशा हल्ल्यांच्या हेतूचाच एक भाग असे.

दुसरा गट बारा बोअर व भरमार बंदुकांचा. ही गावातील शस्त्रे होत. काही परवान्याची, काही पिढ्यान्‌पिढ्या घरात असलेली, तर काही स्थानिक कारागिरांनी बनविलेली. ती दलांना धाकाने द्यावी लागत किंवा गावपातळीवरील सहायक गटांच्या हाती जात. येथे गावकऱ्याची कोंडी स्पष्ट होते. विनापरवाना बंदूक घरात ठेवली तर शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ खाली तो अपराधी. ती पोलिसांकडे जमा केली तर दलाच्या दृष्टीने तो 'खबरी'. आणि दलाला दिली तर पोलिसांच्या दृष्टीने तो साथीदार. खबरी ठरवून मारलेल्यांत पोलीस पाटलांपासून साध्या शेतकऱ्यांपर्यंत अनेकांचा समावेश होता. ज्या ठिकाणी कायद्याचे पालन करणेच जिवावर बेततं, त्या ठिकाणी केवळ कठोर शिक्षेने पालन वाढत नाही, हे सूत्र या अनुभवातून निष्पन्न होते.

शिवाय सर्वात संहारक घटनांपैकी काही बंदुकीच्या नव्हेत. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस व वाहनचालक ठार झाले. स्फोटकांचे नियमन शस्त्र अधिनियमाहून वेगळ्या कायद्यांनी होते. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र अधिनियमात दुरुस्ती होऊन पोलीस किंवा सैन्यदलाचे शस्त्र बळाने हिसकावणे हा स्वतंत्र अपराध ठरला व त्यास जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद झाली. शस्त्राचा उगम शासनाच्याच कोठारात असू शकतो, याची ही विधिमंडळीय कबुलीच मानावी लागेल. त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. ज्या गावात परवानाधारकच विरळा, तेथे या दुसऱ्या तरतुदीचा परिणाम नगण्य आहे.

साधनाचे स्थलांतर : शिकार व सामान्य गुन्हे

एक साधन दुर्मीळ झाल्यास गुन्हा थांबतो की साधन बदलतो, हा शस्त्र नियंत्रणाच्या चर्चेतील मूलभूत प्रश्न आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वन्यप्राण्यांच्या शिकारीतून त्याचे काही प्रमाणात उत्तर मिळते. एप्रिल २०१२ मध्ये ताडोबालगतच्या जंगलात दोन वाघ शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यांत अडकले व त्यांपैकी एक मरण पावला. जानेवारी २०२५ मध्ये राजुरा परिसरात वाघांची शिकार करणाऱ्या आंतरराज्य टोळीतील आरोपींना अटक झाली. व्यावसायिक शिकारी बंदुकीचा आवाज टाळतो. सापळा, फास व विष ही त्याची साधने होत. दुसरीकडे, वीजवाहिनीवर आकडा टाकून शेताभोवती सोडलेल्या जिवंत तारा रानडुकरांसाठी असल्या तरी त्यांत वाघ, बिबटे आणि प्रसंगी माणसेही दगावतात. पीक संरक्षणाच्या भरमारची वाट बंद झाली, पण पिकाची गरज कायम राहिली, आणि तिने अधिक अविवेकी साधन शोधले. बंदूक नेम धरून चालवावी लागते. तार समोर कोण आले हे पाहत नाही.

मानवी हत्यांच्या बाबतीतही हेच दिसते. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमधील माडिया समाजातील शंभर हत्याप्रकरणांचा अभ्यास व्हेरियर एल्विन यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. क्षणिक संताप, मद्य, दांपत्यकलह, जादूटोण्याचा संशय ही कारणे त्यात पुढे आली आणि हत्येचे साधन बहुधा हाताशी असलेली कुऱ्हाड किंवा तत्सम अवजार होते. अशा गुन्ह्यांवर बंदुकीच्या परवान्याचा परिणाम अल्पच असणार. तथापि याची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. संतापाच्या क्षणी हाताशी कुऱ्हाडीऐवजी भरलेली बंदूक असती, तर जखमी माणूस वाचण्याची शक्यता कमी झाली असती. घरोघरी बंदूक नसणे हा नियंत्रणाचा न दिसणारा लाभ आहे. न घडलेल्या हत्यांची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही, म्हणून तो नाकारता येत नाही.

चंद्रपूर-बल्लारपूर या कोळसा व उद्योगांच्या पट्ट्यातील चित्र वेगळे आहे. ऑगस्ट २०२० मध्ये बल्लारपूर येथे व ऑगस्ट २०२४ मध्ये चंद्रपूर शहरात भरदिवसा गोळ्या झाडून खून झाले. अशा टोळीयुद्धांत बाहेरून येणाऱ्या अवैध देशी पिस्तुलांचा प्रश्न पुढे येतो. येथे प्रश्न परवान्याचा नसून अवैध निर्मिती व वाहतुकीचा आहे. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांकडून शस्त्रे जमा करून घेतली जातात. हा उपाय ज्याचे नाव नोंदवहीत आहे त्याच्यापर्यंतच पोहोचतो. ज्याचे नाव नाही त्याच्यासाठी तपास व गुप्तवार्ता हाच मार्ग उरतो.

आकडेवारीविषयीही सावधगिरी बाळगावी लागते. शस्त्र अधिनियमाखालील गुन्ह्यांची संख्या वाढली म्हणजे शस्त्रे वाढली, असा सरळ अर्थ निघत नाही. पोलीस अधिक झडती घेतात तेव्हाही ही संख्या वाढते. म्हणून नोंदीचा आकडा गुन्हेगारीइतकाच शासनाच्या कार्यक्षमतेचाही निदर्शक असतो.

शस्त्रत्यागाची प्रक्रिया

महाराष्ट्र शासनाने २००५ पासून नक्षलवाद्यांसाठी आत्मसमर्पण योजना राबविली. तीत पुनर्वसनाबरोबर शस्त्र जमा करणाऱ्यास स्वतंत्र मोबदल्याची तरतूद आहे. अलीकडच्या वर्षांत गडचिरोलीतील दुर्गम गावांतील नागरिकांनी भरमार बंदुका स्वेच्छेने पोलिसांकडे जमा केल्या. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी संघटनेचे ज्येष्ठ नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती यांनी ६० सहकाऱ्यांसह गडचिरोली येथे मुख्यमंत्र्यांसमोर आत्मसमर्पण केले आणि ५४ शस्त्रे खाली ठेवली.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, विनापरवाना शस्त्र बाळगणे १९६२ पूर्वीही गुन्हा होता, १९८० मध्येही होता आणि २०२५ मध्येही होता. कायद्याचे मूळ तत्त्व तेच राहिले. भोवतालची परिस्थिती बदलली. पोलीस मदत केंद्रे, रस्ते व दूरध्वनी दुर्गम भागात पोहोचले, दलांची ताकद क्षीण झाली, २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरील सामूहिक अधिकाराला मान्यता मिळाली आणि २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाने तो प्रत्यक्ष मिळविला. शस्त्र सोडणाऱ्याला सूडापासून संरक्षण व उपजीविकेची हमी मिळू लागली, तेव्हा शस्त्रे बाहेर आली. या सर्व घटकांचा वाटा वेगवेगळा मोजणे कठीण असले, तरी एकट्या दंडविधानाला श्रेय देता येत नाही.

निष्कर्ष

१. चांदा प्रदेशात शस्त्र नियंत्रणाचा प्रारंभ गुन्हे रोखण्यापेक्षा बंड रोखण्याच्या हेतूने झाला. १८७८ मधील शस्त्र व वन या दोन्ही कायद्यांच्या संयुक्त परिणामाने परंपरागत जीवनव्यवहार गुन्ह्याच्या कक्षेत आला.

२. परवाना पद्धतीमुळे घरोघरी बंदूक पोहोचली नाही, हा तिचा खरा लाभ आहे. सामान्य कलहाचे रूपांतर प्राणघातक गोळीबारात होण्याची शक्यता त्यामुळे घटते.

३. शासकीय शस्त्रांची लूट, स्फोटके व अवैध पिस्तुले यांवर परवाना पद्धतीचा प्रत्यक्ष परिणाम होत नाही. त्यासाठी शस्त्रागारांची सुरक्षितता, तपास व वाहतुकीवरील नियंत्रण आवश्यक आहे.

४. गरज कायम ठेवून केवळ साधन काढून घेतल्यास अधिक घातक साधन पुढे येते. शेतातील जिवंत तारा हे त्याचे उदाहरण होय. पीक नुकसानीची वेळेवर भरपाई आणि सुरक्षित कुंपण हा या प्रदेशात शस्त्र नियंत्रणाच्या धोरणाचाच भाग मानला पाहिजे.

५. स्वेच्छेने शस्त्रत्याग तेव्हाच घडतो, जेव्हा शस्त्र सोडणाऱ्याला शस्त्रधारकापेक्षा अधिक सुरक्षित वाटते.

शस्त्र नियंत्रणाने गुन्हे कमी होतात काय, या प्रश्नाचे चंद्रपूर-गडचिरोलीच्या इतिहासाने दिलेले उत्तर होकार वा नकार अशा एका शब्दात बसत नाही. कायदा आवश्यक आहे; परंतु १८५८ ते २०२५ या कालखंडात तो एकट्याने पुरेसा ठरल्याचे आढळत नाही. भामरागड किंवा एटापल्लीच्या एखाद्या गावात घराच्या आढ्याला दडविलेली भरमार खाली उतरते, तेव्हा त्यामागे कलम २५ ची भीती किती आणि पोलीस ठाण्यातून घरी परतल्यावर आपण जिवंत राहू हा विश्वास किती, याचा विचार धोरणकर्त्यांनी करणे अगत्याचे आहे.